जुनी नोंद म्हणजे कचरा नव्हे

पौर्णिमेची वंदना आटोपली, खीरदान झाले, मंडळी चपला शोधू लागली. विहाराच्या दाराशी एक ताई मात्र तशीच उभी राहिली. ताई लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मजुरी करते, नवरा मार्केट यार्डात हमाली करतो. तिचे डोळे सुजलेले दिसले म्हणून आम्ही विचारले, "काय झालं ताई?"

"लई घोटाळा झाला बघा, दादा. पोरीनं रजिस्ट्री साफ केली म्हणं, अन् सगळंच गेलं."

आमच्या पोटात गोळा आला. आपल्याकडे रजिस्ट्री म्हणजे खरेदीखताची रजिस्ट्री. वीस वर्षे पोटाला चिमटा घेऊन माणूस गुंठा-दीड गुंठा जागा घेतो, तिचा एवढा एकच कागदोपत्री आधार. तोच गेला की काय, असे वाटले. पण थोडे विचारल्यावर उलगडा झाला. ही रजिस्ट्री जागेची नव्हती, संगणकाची होती. ताईचीही आधी आमच्यासारखीच गत झाली होती. पोरगी रडत "आई, रजिस्ट्री गेली" म्हणाली, तेव्हा ही माउली पत्र्याची पेटी उघडून जागेचे कागद पाहायला धावली होती. कागद जागच्या जागी होते.

झाले होते ते असे. ताईच्या मुलीने एमएससीआयटी केले, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बचत गटाचे कर्ज काढून तिला एक जुना, वापरलेला संगणक आणि छपाईयंत्र घेऊन दिले. वस्तीतल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, कुणाचे उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद, कुणाचा मराठीतला विनंती अर्ज, असे काम ती घरी बसून करते. एका अर्जाचे वीस-तीस रुपये मिळतात. तिच्या शिक्षणाचा खर्च त्यातून सुटतो आणि वस्तीतल्या बायांचा रोज बुडत नाही. पुढे संगणक हळू चालू लागला. एके दिवशी पडद्यावर लाल चौकट आली की तुमच्या संगणकाच्या रजिस्ट्रीत ८४७ चुका आहेत, ताबडतोब साफ करा. पोरगी घाबरली. तिने एक फुकटचे सफाईचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले आणि 'सर्व दुरुस्त करा' हे बटण दाबले.

दुसऱ्या दिवशी छपाईयंत्र बोलेना. मराठी टंकलेखन बंद पडले. तिसऱ्या दिवशी संगणक सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने सातशे रुपये घेऊन विंडोज नव्याने टाकले. संगणक चालू झाला, पण अकरा पोरांचे स्कॅन करून ठेवलेले कागद पुसले गेले होते आणि अर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती.

ही एका घरची गोष्ट असली तरी आज आपल्या बऱ्याच वस्त्यांत असे जुने संगणक आहेत. त्यांच्यावर शिष्यवृत्ती चालते, जात पडताळणीचे अर्ज चालतात, टायपिंगचा सराव चालतो. म्हणून यावेळी या सदरात आम्ही रजिस्ट्रीच्या सफाईचा विषय घेतला आहे.

रजिस्ट्री म्हणजे काय?

रजिस्ट्री ही विंडोजची नोंदवही. संगणकात कोणते सॉफ्टवेअर बसवले आहे, ते कुठे ठेवले आहे, छपाईयंत्र कोणते जोडले आहे, अक्षरांचे साचे म्हणजे फॉन्ट कोणते आहेत, कळफलकाची मांडणी मराठीची की इंग्रजीची, संगणक सुरू होताना आपोआप काय सुरू व्हावे, या सगळ्यांच्या नोंदी तिच्यात असतात. पूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअर आपली टिपणे वेगवेगळ्या छोट्या फाइलींत ठेवत असे. १९९२ साली विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री लहान स्वरूपात आली आणि १९९५ च्या विंडोज ९५ पासून बहुतेक सगळा कारभार तिच्यावर चालू लागला. आजच्या विंडोजमध्येही ती आहे. तिच्यातल्या नोंदी लाखांच्या घरात जातात.

गावच्या चावडीवरचे दप्तर आठवा. त्यात आज कसणाऱ्याचे नाव असते, तसे तीस वर्षांपूर्वी वारलेल्याचेही असते. वारस लागलेले नसतात, फेरफार अर्धवट राहिलेले असतात. सॉफ्टवेअर काढून टाकले तरी त्याच्या काही नोंदी रजिस्ट्रीत तशाच राहतात, त्याही या मयताच्या नावासारख्या. सफाईचे सॉफ्टवेअर अशा नोंदी हुडकते आणि त्यांना 'चूक' म्हणून मोजते. पोरीला दिसलेल्या ८४७ चुका त्या याच. त्यातली किती खरी चूक होती आणि किती नुसती जुनी नोंद होती, हे त्या लाल चौकटीत कुठेच लिहिलेले नव्हते.

सफाईची कल्पना कुठून आली?

सगळाच खोटेपणा होता, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात संगणकाची स्मृती आजच्या मानाने फारच तोकडी असे. सॉफ्टवेअर सारखे टाकावे-काढावे लागे आणि काढताना ते आपला पसारा नीट आवरत नसे. अर्धवट राहिलेल्या नोंदींमुळे कधी चुकीचा संदेश येई, तर कधी तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवताना अडे. त्या काळी विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेच 'रेगक्लीन' नावाचे सफाईचे साधन लोकांना दिले होते.

पण पुढे मायक्रोसॉफ्टनेच ते मागे घेतले. आज तिची भूमिका स्पष्ट आहे. अशा सफाई-सॉफ्टवेअरच्या वापराला ती पाठिंबा देत नाही, त्यातून बिघाड झाला तर जबाबदारी घेत नाही, आणि झालेला बिघाड विंडोज नव्याने टाकल्याशिवाय दुरुस्त होईलच अशी हमीही देत नाही. ज्याने घर बांधले तोच गवंडी "या भिंतीला हात लावू नका" म्हणत असेल, तर रस्त्यावरच्या फेरीवाल्याचे ऐकून तिच्यावर पहार घालायची का, याचा विचार आपण केला पाहिजे.

वेग का वाढत नाही?

सफाई केली की संगणक पळू लागेल, असे जाहिरातीत सांगतात. हे का खरे नाही, ते समजून घेऊ.

तलाठ्याकडे तुम्ही सातबारा मागितला, तर तो अख्खे दप्तर पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. गट नंबर पाहतो आणि नेमके ते पान काढतो. विंडोजचेही असेच आहे. छपाईयंत्राची माहिती हवी असेल तेव्हा ती छपाईयंत्राच्या नोंदीकडे जाते, बाकीच्या लाखो नोंदींना हात लावत नाही. मग त्या लाखोंतल्या आठशे जुन्या नोंदी काढल्या तरी कामाला किती वेग येणार? विंडोजच्या अंतरंगाचे नावाजलेले जाणकार मार्क रसिनोविच यांनी २००५ सालीच हे समजावून सांगितले होते. रजिस्ट्री बरीच फुगली तरी रोजच्या कामाच्या वेगावर त्याचा परिणाम नगण्य असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हापासून संगणकांची स्मृती कितीतरी पटींनी वाढली आहे, त्यामुळे हा फरक आज आणखीच कमी झाला आहे.

ताईच्या पोरीचा संगणक हळू होता हे खरे. पण तो ८४७ नोंदींमुळे हळू नव्हता. त्याची कारणे वेगळी होती, ती आम्ही पुढे सांगतो.

धोका कुठे आहे?

एखादी नोंद निरुपयोगी आहे हे सफाई-सॉफ्टवेअर कसे ठरवते? ते पाहते की या नोंदीत लिहिलेली फाइल आत्ता जागेवर आहे का. नसेल तर नोंद मेली, असे ते धरून चालते. पण ती फाइल पेनड्राइव्हवर असू शकते. छपाईयंत्राची वायर त्या दिवशी काढून ठेवलेली असू शकते. एखादे सॉफ्टवेअर वर्षातून एकदाच, अर्जांच्या हंगामात, लागत असेल. माणूस कामासाठी पुण्याला गेला म्हणून मतदार यादीतून त्याचे नाव कापावे, तसा हा प्रकार होतो.

आपल्या कामाच्या दृष्टीने तीन ठिकाणी जपले पाहिजे. पहिले मराठीचे. फॉन्टची यादी आणि कळफलकाच्या मांडणीच्या नोंदी रजिस्ट्रीतच असतात. त्या विस्कटल्या की मराठी लिहिणे अडते. दुसरे म्हणजे विकत घेतलेली सॉफ्टवेअरे. त्यांतली बरीचशी आपल्या परवान्याची खूण रजिस्ट्रीत ठेवतात. ती पुसली की पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअर तुम्हाला ओळखत नाही आणि पुन्हा परवाना मागते. तिसरे जोडलेली यंत्रे, म्हणजे छपाईयंत्र, स्कॅनर, अंगठा घेण्याचे यंत्र. यातले काहीही बंद पडले की त्या दिवसाची कमाई बंद. आणि विंडोजला सुरू होण्यासाठीच लागणारी नोंद गेली, तर संगणकच उठत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पूर्वी विंडोज आपल्या रजिस्ट्रीची एक प्रत आपोआप बाजूला ठेवत असे. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून ते आपोआप होणे बंद झाले. त्यामुळे कुणी सांगितले की "बिघडलं तर मागचं परत आणता येतं", तर त्याला विचारा, "प्रत ठेवली आहे का? कुठे ठेवली? दाखवा." प्रत नसेल तर बटण दाबू देऊ नका.

भीतीचा धंदा

आता त्या लाल चौकटीकडे वळू. ही चौकट काही लातूरच्या एका घरापुरती नाही. तिच्या जोरावर जगभर पैसा उकळला गेला आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्यांनी 'रजिस्ट्री क्लीनर एक्सपी' विकणाऱ्यांवर खटला भरला. लोकांच्या पडद्यावर संगणकाने स्वतः दिलेल्या इशाऱ्यासारखे दिसणारे संदेश पाठवायचे, तुमची रजिस्ट्री खराब झाली म्हणून घाबरवायचे आणि सुमारे चाळीस डॉलरचे सॉफ्टवेअर गळ्यात मारायचे, असा आरोप होता.

मार्च २०१९ मध्ये तिथल्याच ऑफिस डेपो या मोठ्या दुकान-कंपनीने आणि सपोर्ट डॉट कॉम या तिच्या जोडीदार कंपनीने मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून सरकारी आयोगाशी तडजोड केली. त्यांचे संगणक तपासण्याचे सॉफ्टवेअर होते. सुरुवातीला ते गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारी, जसे की संगणक हळू चालतो का, मध्येच बंद पडतो का. त्यातल्या एकालाही "हो" म्हटले की तपासणीत काहीही निघो, संगणकात घातक गोष्टींची लक्षणे आहेत, असाच निकाल येई, असे आयोगाचे म्हणणे होते. निकाल आधी आणि तपासणी नंतर! जातपंचायतीचा न्याय आपल्या बापजाद्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटला नसता.

मग चांगल्या नावाचे सॉफ्टवेअर घेतले तर? तिथेही सावध राहावे लागते. 'सीक्लीनर' हे सफाईचे जगातले फार लोकप्रिय सॉफ्टवेअर. ऑगस्ट २०१७ मध्ये चोरांनी त्याच्या खऱ्या, अधिकृत आवृत्तीतच घातक भाग घुसवला. जवळपास महिनाभर ती आवृत्ती वाटली गेली आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली. वापरणाऱ्यांनी काहीही चूक केली नव्हती, अधिकृत ठिकाणाहूनच ते घेतले होते. नंतर कंपनीने तो भाग काढला, सुधारित आवृत्ती दिली. पण घराची झाडलोट करायला ठेवलेल्या माणसाच्या हाती सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात, एवढे या प्रकरणातून लक्षात ठेवायला हवे. सफाईच्या सॉफ्टवेअरला संगणकाचा कानाकोपरा उघडून द्यावा लागतो. जेवढे कमी परके आत घ्याल तेवढे बरे.

मार्च २०१८ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोज डिफेंडर या राखणदाराचे नियम कडक केले. घाबरवणारे संदेश दाखवून पैसे भरायला भाग पाडणारी सफाई-सॉफ्टवेअरे तो नकोशी ठरवून काढून टाकतो. म्हणजे ज्याला आपण औषध समजतो, त्यालाच विंडोज आता रोगाच्या यादीत धरते.

या धंद्याची एक शाखा आपल्या देशातही आहे. पडद्यावर खोटा इशारा आणि खाली फोन नंबर. फोन केला की पलीकडचा माणूस आपण मायक्रोसॉफ्टचे असल्याचे सांगतो, संगणकाचा ताबा घेतो आणि पैसे मागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' या मोहिमेत देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली दोन प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून दाखल झाली होती. इथल्या कॉल सेंटरांतून परदेशातल्या लोकांना असे लुबाडले जात असल्याचा संशय होता.

इथे आम्हाला आपल्या तरुणांशी दोन शब्द बोलायचे आहेत. लातूर-नांदेडची पोरे शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला जातात. चांगला पगार, थंड खोली, रात्रपाळी, असे सांगून कुणी बोलावले तर आधी विचारा, आपण विकणार काय? समोरच्याला खोटी भीती घालून पैसे काढायचे असतील, तर ते काम आपले नाही. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली, ती अशा वेळीच कसाला लागते. आपल्या आईला फसवणारा जसा गुन्हेगार, तसाच दुसऱ्या देशातल्या म्हातारीला फसवणाराही.

मग फायदा काहीच नाही का?

आहे, पण तो थोडा आहे आणि तो नेमक्या प्रसंगी होतो. एखादे सॉफ्टवेअर अर्धवट निघाले आणि त्याच्या उरलेल्या नोंदींमुळे ते पुन्हा बसत नाही. किंवा व्हायरस काढल्यावर त्याची एक नोंद मागे राहिली आणि संगणक सुरू होताना दरवेळी "अमुक फाइल सापडत नाही" असा संदेश येतो. अशा वेळी ती एकच नोंद, नाव माहीत करून, काढणे योग्य ठरते. त्यासाठी बहुधा सफाई-सॉफ्टवेअर लागतही नाही. ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर असेल तिचे काढून टाकण्याचे साधन कित्येकदा मिळते, मायक्रोसॉफ्टचेही असे एक मोफत साधन आहे.

आणि कुणी जाणकार रजिस्ट्रीला हात लावणारच असेल, तर त्याने तीन गोष्टी आधी करायला हव्यात. पहिली, आपले कागद, फोटो, स्कॅन यांची प्रत पेनड्राइव्हवर काढून तो संगणकापासून वेगळा ठेवायचा. दुसरी, विंडोजच्या 'सिस्टिम प्रोटेक्शन'मध्ये जाऊन 'रिस्टोअर पॉइंट' तयार करायचा. म्हणजे बिघडलेच तर मागच्या दिवसावर परतता येते. बऱ्याच संगणकांवर ही सोय बंद असते, ती आधी चालू करावी लागते. तिसरी, ज्या नोंदीला हात लावायचा तिची प्रत रजिस्ट्री एडिटरमधल्या 'एक्स्पोर्ट'ने बाजूला ठेवायची. 'सर्व दुरुस्त करा' हे बटण मात्र कधीही दाबू नये. एक नोंद काढा, संगणक बंद करून सुरू करा, सगळे चालते ना ते पाहा, मगच पुढे जा.

संगणक हळू चालतो तेव्हा

जुना संगणक हळू चालण्याची कारणे बहुतेक साधी असतात. सुरू होतानाच दहा-पंधरा सॉफ्टवेअरे आपोआप सुरू होतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्याच्या 'स्टार्टअप' भागात नको ती बंद करता येतात. पुसून काही जात नाही, पुन्हा चालूही करता येतात. दुसरे कारण म्हणजे डिस्क गच्च भरलेली असते. लग्नाचे व्हिडिओ, जुने सिनेमे, तेच तेच स्कॅन पाच-पाच वेळा. ते काढा आणि विंडोजचेच 'डिस्क क्लीनअप' वापरा. तिसरे, एकाच वेळी दोन-दोन अँटिव्हायरस टाकलेले असतात आणि ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. एकच ठेवा. विंडोजमधला डिफेंडर घरच्या कामाला पुरतो. चौथे, आत साचलेली धूळ. पंखा अडला की यंत्र तापते आणि हळू होते.

एवढे करूनही भागले नाही तर पैसा तिथे घाला जिथे फरक पडतो. जुनी फिरणारी हार्डडिस्क काढून त्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम थोडी वाढवली, तर तोच संगणक ओळखू येणार नाही इतका सुधारतो. दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडू नका, तिच्यावर आपले कागद असतात. आणि विंडोज कोणते आहे तेही पाहा. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे कागद ज्या संगणकावर ठेवता, त्याची सुरक्षा हा सफाईपेक्षा मोठा प्रश्न आहे.

आणि फसवणूक झालीच, पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पेटीतला कागद

ताईला आम्ही हे सगळे सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, जुनं म्हणून टाकू नये, हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या मामंजींचा शाळेचा दाखला होता. पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या. सासूबाई म्हणायच्या, टाक चुलीत. मी नाही टाकला. त्याच्यावरच पुतण्याची व्हॅलिडिटी झाली."

आपल्या समाजाला या बोलण्याचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको. अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. त्या वेळी लातूर हा हैदराबाद राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका होता. १९४८ पर्यंत इथे निजामाचा अंमल, कारभार उर्दूत. आपले आजे-पणजे शाळेत गेले असतील तर कुठल्या तरी रजिस्टरात एका ओळीची नोंद, आणि तीही आज वाचता न येणाऱ्या लिपीत असू शकते. १९५६ ला आपण बौद्ध झालो, १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला, गावे-नावे बदलली. वरवर पाहणाऱ्याला त्या रजिस्टराचा काहीच उपयोग दिसला नसता. एखाद्या उत्साही माणसाने "ही जुनी दप्तरे जागा अडवतात" म्हणून ती जाळली असती, तर कितीतरी पोरांची वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे बंद झाली असती. कोणती नोंद कामाची आणि कोणती बिनकामाची, हे ज्याला तिचा उपयोग ठाऊक आहे त्यानेच ठरवायचे असते.

कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, की कुणी अधिकाराने सांगितले म्हणून खरे मानू नका, आपल्या अनुभवावर पारखून घ्या. पडद्यावरच्या लाल अक्षरांनाही तीच कसोटी लावायची. ८४७ चुका म्हणतोस, तर त्यातली एक दाखव. ती माझ्या कोणत्या कामात आड येते, ते सांग. ती काढली आणि बिघडले तर परत कशी आणायची, तेही सांग. या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर चौकट बंद करायची आणि आपल्या कामाला लागायचे.

ताईच्या पोरीने त्या चार दिवसांत अकराही घरांत पुन्हा जाऊन मूळ कागद आणले, एका मैत्रिणीच्या संगणकावर बसून रात्रीतून स्कॅन केले आणि अकराही अर्ज मुदतीत गेले. मूळ कागद ज्याच्या त्याच्या पेटीत होते म्हणून हे जमले. आता तिने एक नियम केला आहे. रोज संध्याकाळी काम संपले की दिवसभराच्या स्कॅनची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तो आईकडे द्यायचा. आई तो पत्र्याच्या पेटीत, मामंजींच्या दाखल्याशेजारी ठेवते.

तुमच्या घरीही संगणक असेल तर आज संध्याकाळी एवढे एक काम करा. सफाई नंतर पाहू, आधी प्रत.

जय भीम!